बर्फातून आलेलं रक्त

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेतले गमतीदार अनुभव लिहा.' गमतीदार अनुभव आहेत. लोणच्याच्या बरणीत लघवी घेऊन येणारे होते, आणि बरणी नीट धुतलेली नसल्याने तीत मोहरी तरंगत असायची. रक्त काढून झाल्यावर 'तपासून उरलेलं परत द्या' म्हणणारे एक निवृत्त गुरुजी होते. सुई टोचायच्या आधी माझं आडनाव विचारणारे तर दर महिन्याला दोन-चार भेटत. साळवे म्हटलं की त्यांचा हात जरा मागे जायचा आणि 'दुसरं कोणी नाही का?' असा प्रश्न यायचा. दुसरं कोणी नसायचं. मग ते तोंड भिंतीकडे करून हात पुढे करायचे.

असं लिहून चार पानं सहज भरतील. पण कागद पुढ्यात घेतला की मला राजूरहून येणारी ती निळी पेटी दिसते आणि राग येतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. तेव्हा त्याच रागाचं लिहिते. गमती दुसऱ्या कुणाकडून मागवून घ्याव्यात.

कोपरगावच्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता. दवाखाना म्हणायची सवय, पण चांगलं पन्नास खाटांचं रुग्णालय होतं. मी तिथे लॅब टेक्निशियन. वडील साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी मला पुण्याला ठेवून हा कोर्स करू दिला आणि मी शिकून परत जिल्ह्यातच आले. नव्वद सालानंतरची ती वर्षं. माझी खोली एक्स-रेच्या मागे, खिडकी एकच. पण त्या खोलीत एक यंत्र होतं जे तेव्हा आसपासच्या तालुक्यांत फारसं कुणाकडे नव्हतं. फ्लेम फोटोमीटर. घरगुती गॅसच्या सिलिंडरवर त्याची ज्योत पेटायची. त्या ज्योतीत रक्तातलं पाणी पातळ करून फवारलं की रंग बदलायचा. सोडियमने पिवळाधमक, पोटॅशियमने फिका जांभळा. रंग किती गडद त्यावरून यंत्र आकडा दाखवायचं. सकाळी उठून आधी ती ज्योत स्थिर करायची, मग बाकीचं. मला त्या यंत्राचा अभिमान होता. आजही आहे. यंत्र कधी खोटं बोललं नाही. त्याच्यापुढे काय ठेवलं जात होतं, तो प्रश्न होता.

ट्रस्टचा एक छोटा दवाखाना डोंगरात, राजूरला होता. तिथे कायमचा डॉक्टर नव्हता. सावळेराम नावाचा कंपाउंडर तो चालवायचा, आणि आमचे मुख्य डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, जीपने जाऊन पेशंट तपासायचे. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणेन. राजूरला रक्त काढलं की सावळेराम त्या नळ्या दुपारच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचा. गाडी बदलत बदलत त्या संध्याकाळी आमच्या स्टँडवर यायच्या, शिपाई आणून ठेवायचा, आणि सकाळी मी तपासायची.

सुरुवातीला त्या नळ्या कापसात गुंडाळून, डब्यात घालून यायच्या. एका वर्षी लसीकरणाचं मोठं प्रशिक्षण झालं. लस बर्फात ठेवून न्यायच्या निळ्या पेट्या आल्या. साहेबांना त्या फार आवडल्या. त्यांनी लेखी हुकूम काढला: यापुढे राजूरचे सर्व नमुने बर्फाच्या पेटीतच येतील, आणि इथे आल्यावर सकाळपर्यंत फ्रिजमध्ये राहतील.

दोन आठवड्यांत मला काहीतरी चुकतंय असं दिसायला लागलं. निरोगी माणसाच्या रक्तात पोटॅशियम साडेतीन ते पाच असतं. राजूरच्या नळ्यांमध्ये ते साडेपाच, सहा, साडेसहा यायला लागलं. सगळ्यांचंच. पोटॅशियम खरंच इतकं चढलं तर हृदय बंद पडू शकतं. इथे तर ताप, खोकला, अंगावर पुरळ अशा तक्रारी घेऊन आलेली, चालत दवाखान्यात आलेली माणसं होती.

हे का होत होतं ते सांगते. शाळा संपून वर्षं झाली असतील तरी समजेल.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी ही पातळ पडद्याची एक पिशवी असते. पिशवीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर अगदी थोडं. सोडियमचं नेमकं उलट. आता कुठलाही पदार्थ जास्त असतो तिथून कमी असतो तिकडे पसरतो. चहात साखर टाकली आणि ढवळली नाही, तरी उशिरा का होईना ती सगळ्या कपात पसरते. तसं पेशीतलं पोटॅशियमही सारखं बाहेर झिरपत असतं आणि सोडियम आत शिरत असतं. ते असंच चालू राहिलं तर आतबाहेर सगळं सारखं होईल आणि माणूस मरेल. म्हणून पेशीच्या पडद्यात बारीक बारीक पंप असतात. ते तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत ओढतात, पुन्हा तीन बाहेर, दोन आत. आपण झोपलेलो असलो तरी हे चालूच. विहिरीतलं पाणी वर आणायला जशी मोटर लागते तशी या उलट्या दिशेच्या कामाला शक्ती लागते, आणि ती आपल्या अन्नातून येते. नुसतं पडून राहिलेल्या माणसाच्या अन्नाचाही मोठा वाटा या पंपांवरच खर्च होतो. हे चालू आहे म्हणून हात उचलता येतो आणि छाती धडधडते.

रक्त काढून नळीत घेतलं तरी त्यातल्या तांबड्या पेशी लगेच मरत नाहीत. रक्तातल्याच साखरेवर त्यांचे पंप बराच वेळ चालतात. पण ती नळी बर्फात ठेवली की पंप जवळजवळ थांबतात. झिरपणं मात्र थांबत नाही. रात्रभरात पेशींमधलं पोटॅशियम गळून बाहेरच्या पाण्यात येतं, आणि सकाळी मी नेमकं तेच पाणी तपासते. आकडा फुगतो. माणूस ठणठणीत आणि कागदावर मरणाच्या दारात.

पुण्यातल्या आमच्या बाईंनी हे एकदा वर्गात सांगितलं होतं. पण वर्गातलं सांगून साहेब ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी वॉर्डातल्या सिस्टरकडून स्वतःचंच रक्त काढून घेतलं, तीन नळ्या. एक लगेच नळ्या गरगर फिरवणाऱ्या दुसऱ्या यंत्रात, सेंट्रिफ्यूजमध्ये, फिरवून पेशी तळाशी बसवल्या आणि वरचं पाणी वेगळं काढलं. दुसरी दिवसभर टेबलावर ठेवली. तिसरी रात्रभर बर्फात. पहिलीत चार पूर्णांक दोन. दुसरीत चार पूर्णांक एक. तिसरीत सहा पूर्णांक पाच. पुढच्या आठवड्यात पुन्हा करून पाहिलं. तसंच आलं. वहीत तक्ता मांडला आणि साहेबांकडे गेले.

त्यांनी तक्ता पाहिला. चष्मा काढला.

"साळवे बाई, लस बर्फात का ठेवतात?"

"टिकावी म्हणून."

"मग रक्त टिकायला नको?"

"साहेब, लशीत पंप नसतात. पेशींमध्ये असतात. थंडीत ते थांबतात. राजूरला हाताने फिरवायचं एक यंत्र दिलं तर सावळेराम तिथेच पाणी वेगळं काढून पाठवेल. मग ते खुशाल बर्फात येऊ दे."

"डोंगरातल्या लोकांचा आहारच वेगळा आहे," ते म्हणाले. "रानभाज्या, कंदमुळं. त्यांचं पोटॅशियम जास्त असणारच. मी यावर डॉक्टरांच्या बैठकीत बोलणार आहे."

"मग माझ्या रक्तात साडेसहा कसं आलं? मी तर कोपरगावात राहते."

ते हसले. "तुम्ही आकडा काढा. अर्थ लावायला आम्ही आहोत."

आणि ते खरंच बैठकीत बोलले. डोंगरी माणसांच्या रक्ताचं वेगळेपण, असा काहीसा विषय होता. ज्या आकड्यांवर ते बोलले ते माझ्या नोंदवहीतले होते. टाळ्या पडल्या म्हणे. त्यानंतर राजूरला येणाऱ्या प्रत्येकाला रानभाजी बंद करा असं सांगितलं जाऊ लागलं. सावळेराम एकदा पगाराच्या कागदांसाठी आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, साहेब म्हनत्यात भाजी खाऊ नका. आमच्याकडं पावसाळ्यात भाजीबिगर दुसरं काय हाय? मानसं माज्या तोंडाकडं बघत्यात."

मला तेव्हा भांडायला हवं होतं. मी ट्रस्टच्या कार्यालयाला एक पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि मी गप्प बसले. राजूरहून आलेल्या आकड्यांखाली सही करत राहिले. दुसऱ्यावर रागवायच्या आधी हे लिहून ठेवणं भाग आहे.

भातलावणीच्या दिवसांत चंदाबाई नावाच्या बाईचं रक्त आलं. राजूरच्या वरच्या एका वाडीतली, तिशीच्या आतली. सहा दिवस जुलाब होऊन थांबले होते, पण नंतर हातापायांतली शक्ती गेली होती. चिखलात लावणी करता करता खाली बसली ती उठलीच नाही. घरच्यांनी घोंगडीत घालून खाली राजूरला आणली. रक्त बर्फात घालून माझ्याकडे आलं. पोटॅशियम चार पूर्णांक एक. नॉर्मल. मी सही केली.

बाजाराच्या दिवशी साहेब राजूरला गेले. बाकीचं सावळेरामने मला नंतर सांगितलं. साहेबांनी रिपोर्ट पाहिला, बाईला पाहिलं, आणि म्हणाले, हिला काही झालेलं नाही. लावणीच्या दिवसांत काम टाळायला अशा बायका येतात. समाधानासाठी ग्लुकोजची बाटली लावा आणि घरी पाठवा. बाटली लावली. ती संपेपर्यंत चंदाबाईला मान उचलता येईना.

जुलाबांत पोटॅशियम शरीराबाहेर वाहून जातं. चंदाबाईच्या रक्तात ते आधीच तळाला गेलेलं होतं. ग्लुकोज दिलं की शरीर इन्शुलिन सोडतं, आणि इन्शुलिन त्या पंपांना आणखी जोरात चालवतं. रक्तात उरलंसुरलं पोटॅशियमही ते पेशींच्या आत ओढून घेतात. स्नायूंना हालायला आतबाहेरचा ठरावीक फरक लागतो. तो बिघडला की स्नायू लुळे पडतात. म्हणजे समाधानासाठी लावलेली ती बाटली तिला आणखी खाली ढकलत होती.

सावळेरामने दुसऱ्यांदा रक्त काढलं. तेही हुकुमाप्रमाणे बर्फातून आलं. चार पूर्णांक चार. मी पुन्हा सही केली. पण चंदाबाईची सासू ठमाबाई ऐकेना. सुनेला मोठ्या दवाखान्यात नेल्याशिवाय इथून हलणार नाही म्हणाली आणि राजूरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी सावळेरामने खताची पोती उतरवून परत निघालेली एक जीप बघून दोघींना आमच्याकडे पाठवलं.

वॉर्डात पुढे काय झालं ते ऐका. चंदाबाई बोलत होती, शुद्धीवर होती, पण हात उचलत नव्हती. साहेबांच्या हाताखालच्या एका डॉक्टरने अमोनियाचा कापूस तिच्या नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही नाही. मग तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर सोडून पाहिला. सोंग करणारा माणूस हात तोंडावर पडू देत नाही, बाजूला पाडतो, म्हणून ही परीक्षा घेतात. हात तोंडावर पडला. नाकातून रक्त आलं. म्हणजे त्यांच्याच परीक्षेप्रमाणे बाई खरी ठरली होती. तो डॉक्टर म्हणाला, "पोचलेली दिसते."

हे मला तिथल्या सिस्टरने सांगितलं. मी तेव्हा माझ्या खोलीत होते. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांना अजून वाळलेला चिखल.

"रगत तपासनारी बाई तूच का?"

"हो. तुम्ही कोण?"

"चंदीची सासू. ठमाबाई. तिचं रगत दोन डाव तुज्याकडं आलं. तूच ल्हिवलं का तिला काय न्हाई म्हनून?"

मी म्हटलं, "मी आकडा लिहिला. काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं."

"मंग आकडा खोटा हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माजी सून कामाला कच्ची न्हाई. चार मानसांचं एकटी वढती. तिला तोंडावरची माशी हाकलता येईना. मी पदरानं हाकलती. सोंग असं असतं व्हय?"

तिला बाकावर बसवलं आणि राजूरची नोंदवही काढली. बर्फाचा हुकूम आल्यापासूनची पानं चाळली. सहा. साडेपाच. सहा पूर्णांक तीन. पावणेसहा. पानामागून पान असंच. आणि मधेच चंदाबाईचं चार पूर्णांक एक.

बर्फ प्रत्येकाचा आकडा दोनेकांनी फुगवत होता, नळी जास्त वेळ राहिली तर जरा अधिकच. चांगल्या माणसाचा चाराचा सहा होत होता. मग जिचा फुगूनही चारच येतो, तिचा खरा किती असेल? एवढी साधी वजाबाकी. मला बर्फाची चूक माहीत होती, मी स्वतःचं रक्त काढून ती सिद्ध केली होती. आणि तरी चार दिसल्याबरोबर मी सही केली होती, तीही दोनदा, कारण चार हा आकडा शहाण्यासारखा दिसत होता. चढलेले आकडे पाहून मला शंका यायची. बरोबर दिसणाऱ्या आकड्याची शंका घ्यायचं मला सुचलंच नाही.

मी वॉर्डात गेले. कुणाची परवानगी घेतली नाही. चंदाबाईच्या हातावर पट्टा बांधला. ती माझ्याकडे बघत होती. "दुखंल का?" तिने विचारलं. मी म्हटलं, थोडं. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या नळीत घेतलं, म्हणजे थांबावं लागत नाही. धावत खोलीत आले, नळी यंत्रात फिरवली, वरचं पाणी घेतलं, ज्योतीत फवारलं. एक पूर्णांक आठ. यंत्र पुन्हा शून्यापासून लावून घेतलं. एक पूर्णांक नऊ. मग सिस्टरला बोलावून माझं स्वतःचं ताजं रक्त काढायला लावलं आणि तेही त्याच ज्योतीत पाहिलं. चार पूर्णांक दोन. यंत्र बरोबर होतं.

साहेब बाहेरच्या पेशंटच्या खोलीत होते. बाकं भरलेली. मी सरळ आत गेले आणि कागद टेबलावर ठेवला.

"हा नमुना कुणी मागितला?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मी घेतला."

"तुमच्याच सहीचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. चार पूर्णांक चार."

"तो बर्फाचा आहे, साहेब. हा तिचा आहे."

"बाई, तुम्ही तुमच्या खोलीत जा."

"आधी तिचा ईसीजी काढा. त्यात काही निघालं नाही तर मी आजच राजीनामा देते."

समोर बसलेला पेशंट, त्याची बायको, दारातली माणसं, सगळी आमच्याकडे बघत होती. माझ्या विनंतीमुळे नव्हे, त्या माणसांमुळे साहेबांनी ईसीजी काढायला सांगितला असं मला आजही वाटतं. पट्टी आली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली, बराच वेळ पाहिली. पोटॅशियम फार उतरलं की हृदयाच्या आलेखात एक जादा उंचवटा दिसतो. तो तिथे होता. ते डॉक्टर वाईट नव्हते, पट्टी त्यांना वाचता येत होती. पट्टी काढायची गरज आहे हे त्यांना कुणाकडून ऐकायचं नव्हतं, एवढंच.

चंदाबाईच्या हाताला तोवर इथेही ग्लुकोजच चालू होतं. ते बंद झालं. पोटॅशियम घातलेली साधी सलाईन अगदी सावकाश, सिस्टरला शेजारी बसवून सुरू केली. संध्याकाळी तिने मान वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात वर केला आणि चेहऱ्यावरची माशी स्वतः हाकलली. ठमाबाई ते सांगायला मुद्दाम माझ्या खोलीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी चंदाबाई भिंतीला धरून चालत होती. मी रोज ताजं रक्त घेऊन आकडा बघत होते. अडीच, तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक आठ. माझ्या नोकरीत त्या आकड्यांइतका आनंद मला कशाने झाला नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी तिची फाईल पाहिली. निदानाच्या जागी लिहिलं होतं: मानसिक कारणाने आलेला अशक्तपणा, उपचाराने सुधारणा. माझा एक पूर्णांक आठचा कागद फाईलमध्ये नव्हताच.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई बरी झाली ना? मग आता काय हवंय तुम्हाला?"

मला काय हवं होतं ते ठमाबाईने सांगितलं. ती सामान बांधून माझ्याकडे आली आणि दाराशी उभी राहिली.

"बाई, एक कागद दे."

"कसला कागद?"

"चंदीनं सोंग केलं न्हाई म्हनून. तिकडं राजुरात डॉक्टर मोठ्यानं बोलला, समद्या बाजारानं ऐकलं. माजा ल्योक म्हनतो, कामचुकार बाईल नको, माहेरी धाडून दे. त्याचा चुलता त्याला फूस देतो. मी सांगून कोन ऐकंल? मी म्हातारी. कागद आसंल तर मास्तर वाचून दावील."

टेक्निशियनला असा दाखला द्यायचा अधिकार नसतो. मला ते पक्कं माहीत होतं. मी प्रयोगशाळेचा छापील कागद घेतला आणि साध्या मराठीत लिहिलं: 'चंदाबाई यांच्या रक्तातील पोटॅशियम हे द्रव्य जुलाबांमुळे धोकादायक पातळीपर्यंत कमी झाले होते. त्यामुळे त्यांचे हातपाय लुळे पडले. हा शरीराचा आजार होता. त्यांनी कोणतेही सोंग केले नाही. आधीचे दोन रिपोर्ट रक्त बर्फात ठेवल्यामुळे चुकले. ते मी दिले होते.' खाली सही केली, शिक्का मारला. ठमाबाईने तो कागद घडी घालून चोळीत ठेवला. आभार वगैरे मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. माझीच चूक मी तिला लिहून दिली होती.

मास्तरांनी तो कागद वाडीत वाचला, असं सावळेरामकडून कळलं. चंदाबाई सासरीच राहिली. नंतरच्या उन्हाळ्यात एकदा ती राजूरच्या बाजारात हिरडे विकताना मला दिसली. तिने मला ओळखलं, मूठभर करवंदं पदरात टाकली आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

इकडे मला दोन मेमो मिळाले. एक, डॉक्टरांच्या आदेशाशिवाय रुग्णाचं रक्त काढल्याबद्दल. दुसरा, अधिकार नसताना दाखला दिल्याबद्दल. दोन्हींचा खुलासा मी एका ओळीत दिला, की मी रक्त तपासलं आणि जे निघालं ते लिहिलं. त्या वर्षी माझी पगारवाढ थांबली. त्यानंतर महिन्याभरात नवा हुकूम निघाला: राजूर येथे हाताने चालवायचे यंत्र देण्यात येत आहे, यापुढे रक्तातील पाणी तिथेच वेगळे करून पाठवावे. खाली, 'मुख्य डॉक्टरांच्या सूचनेनुसार.' कुणाचं नाव लागलं याचं मला दुःख नाही. जुना हुकूम चुकीचा होता, त्यामुळे आकडे चुकले, असं त्यात एक अक्षर नव्हतं. रानभाज्यांचं काय, तेही कुणी डोंगरात जाऊन सांगितलं नाही. बैठकीतलं ते भाषण तर कुणी मागे घेतलंच नाही.

यंत्र कसं वापरायचं ते सावळेरामला शिकवायला मी राजूरला गेले. त्याआधी मी एक काम केलं होतं. नोंदवही पुन्हा पहिल्यापासून काढून, बर्फाच्या काळातले सगळे आकडे एकेक करून पाहिले होते. आता मी चढलेले आकडे शोधत नव्हते. बरोबर दिसणारे शोधत होते. चंदाबाई सोडून एकच सापडला. एक पुरुष, वय बत्तीस, जुलाब आणि अशक्तपणा. पोटॅशियम तीन पूर्णांक नऊ. माझी सही. चंदाबाईच्या दहा महिने आधीचा.

सावळेरामला यंत्राचा दांडा फिरवायला शिकवून झाल्यावर मी त्याला त्या माणसाचं नाव सांगून तो आता कसा आहे ते विचारलं. त्याने दांडा फिरवायचा थांबवला.

"त्यो गेला ना ताई. इथनं घरी नेला, दोन दिसांनी गेला."

तो खाली बघून फडक्याने यंत्र पुसत होता. मग म्हणाला, "साहेबांनी त्याला बी म्हनलं हुतं, तुला काय झालं न्हाई, ऊठ, चालून दाव. त्यो म्हनला, उठतो साहेब. लई येळ उठायला बघत हुता."